गुरुवार मंजूर झाला

आमच्या घराण्याने दोन पिढ्या सरकारी कागद काळे केले. आजोबा कारकून, वडील कारकून, काका आधी मास्तर आणि मग शिक्षण खात्यात कारकूनच म्हणावेत असं काहीतरी. कुठल्या टेबलावर आधी जायचं, साहेब जेवून आले की किती थांबायचं, 'बघतो' म्हणजे नाही आणि 'बसा' म्हणजे कदाचित, हे सगळं मला मुळाक्षरांबरोबरच कळत गेलं. "कागदाला पाय नसतात, आपले लावावे लागतात," असं वडील म्हणायचे. म्हणायचे ते टेबलाच्या पलीकडून. आपली लेक पुढे टेबलाच्या अलीकडे उभी राहून चपला झिजवणार आहे, हे काही त्यांच्या मनात आलं नसावं.

मी समुपदेशक आहे. राहायला नगरात. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडातून नगरच निघतं आणि एसटीचा कंडक्टरही तेच ओरडतो. पाथर्डीच्याही पलीकडे एका कोरड्याठाक गावात मी दर गुरुवारी बैठक घेते. समाजमंदिरात सतरंजी टाकायची, बाया येतात, एकदोन पुरुष येतात आणि दाराशीच बसतात. बसून बोलायचं. महिन्यातून एकदा माझ्याबरोबर मानसोपचाराचे डॉक्टर येतात, तपासतात, गोळ्या देतात. बैठक म्हणजे एवढीच.

गुरुवार अशासाठी की त्या दिवशी शेजारच्या गावचा बाजार असतो, आणि बाईला घराबाहेर पडायला निमित्त लागतं. घरी कुणी खरं सांगत नाही. कुणी बीपी बघायला येते, कुणी शुगरचं सांगते, कुणी बचत गटाचं. म्हणून मी एक बीपीचं मशीन जवळ ठेवते आणि आल्या आल्या प्रत्येकीच्या दंडाला पट्टा आवळते. म्हणजे निदान खोटं बोलल्याचं पाप तरी कुणाला लागत नाही.

ज्या बाईबद्दल मला लिहायचं आहे तिला तिच्या सासूने दंडाला धरून आणलं होतं. ती ऊसतोडीला जाणारी. आमच्या या भागात दसरा झाला की गावं रिकामी होतात आणि पाडव्याच्या सुमाराला पुन्हा भरतात. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' होतो. ऊसतोडीच्या टोळ्या बांधणारा मुकादम कोयता ठरवतो, माणूस ठरवत नाही. एकट्यादुकट्याला कुणी विचारत नाही. एका हंगामात कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, तिचं तान्हं बाळ तापाने गेलं. दुसऱ्या दिवशी ती फडात ऊस तोडत होती. गावी परतल्यावर तिचं बोलणं बंद झालं. भिंतीकडे तोंड करून बसायची, समोरचं ताट तसंच राहायचं. देवर्षी झाले, उतारे झाले, गंडेदोरे झाले, मढीच्या देवस्थानात नेऊन झालं. शेवटी सासू तिला घेऊन आली आणि मला म्हणाली, "बाई, हिला आता तुमीच बगा. माज्याच्यानं न्हाई व्हत."

कितीतरी गुरुवार ती नुसती बसून जायची. एकदा मध्येच माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, ही सतरंजी झटकीत जा. लई धूळ हाय." एरवी माझ्या सतरंजीला कुणी नाव ठेवलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी मी उठून तिथेच नाचायची बाकी होते.

गोळ्यांनी आणि बोलण्याने ती हळूहळू उभी राहिली. पुढचे दोन हंगाम ती नवऱ्याबरोबर तोडीला गेलीसुद्धा, पिशवीत गोळ्या घेऊन. टोळीतल्या बायांना सांगायची, पित्ताच्या आहेत. तिची थोरली मुलगी तेवढा काळ आजीजवळ गावात राहायची आणि शाळेत जायची. मुलगी नववीत आली होती. बाईचं सगळं बोलणं फिरून फिरून त्या मुलीपाशी यायचं. "मी जाती फडात, त्याचं काय न्हाई," ती म्हणायची. "पर ती न्हाई जायची. माज्या हातातला कोयता माज्यासंगंच संपला पायजे." मी तिच्याकडून बाकी काही करवून घेतलं असो नसो, तिला उठवून चालतं ठेवलं ते या एका हट्टाने, हे मला माहीत आहे.

बैठकीचा खर्च पुण्याची एक संस्था करायची. जाण्यायेण्याचं भाडं, डॉक्टरांचं मानधन, सरकारी दवाखान्यात न मिळणाऱ्या गोळ्या. मग त्या संस्थेला पाण्यावर काम करावंसं वाटू लागलं. त्यांनी मला फार सुंदर भाषेत तसं कळवलं. आता सरकारकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मी घरी म्हटलं, तेव्हा नवरा म्हणाला, "तुझ्या वडिलांच्या खात्याला गाढव म्हणू नकोस." मग आम्ही दोघंही हसलो. त्या सगळ्या प्रकरणात हसण्यासारखं तेवढंच होतं.

ज्या ऑफिसात गेले त्याचं नाव लिहीत नाही. एक तर सगळी सारखीच, आणि दुसरं म्हणजे मला अजून तिथेच जायचं असतं. प्रस्ताव देताना पहिला प्रश्न आला, "मॅडम, हे कुठल्या हेडमध्ये टाकू?" आरोग्यवाले म्हणाले, हे समाजकल्याणाचं. समाजकल्याणवाले म्हणाले, बाया आहेत म्हणता तर महिला-बालकल्याणाचं. तिथल्या लिपिकाने प्रस्ताव नीट वाचला, ही त्याची कृपा, आणि विचारलं, "यात दोन पुरुष पण दिसतात. त्यांचं काय करायचं?" मन नावाची वस्तू कुठल्याच कप्प्यात बसेना. प्रस्ताव एका टेबलावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर येत राहिला, आणि मी त्याच्यामागे हिंडत राहिले. पाय माझेच लागले होते.

शेवटी साहेब भेटले. माणूस वाईट नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. ते म्हणाले, "मॅडम, मोतीबिंदूचं शिबिर घ्या ना. डोळ्यावर पट्टी बांधलेली माणसं एका ओळीत बसवली की फोटो होतो. वर पाठवता येतो. तुमच्या कामात दिसतं काय? बाया बसल्यात आणि बोलतायत. बाया काय, अशाही बोलतातच."

मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला झोप येत नसली तर फोटोत दिसतं का?"

 मला वाटलं, गेलं सगळं, माझी जीभ एक दिवस मला बुडवणार. पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ग्रामसभेचा ठराव आणा. गावाला याची गरज आहे, असं गावाने म्हणू द्या. मग बघू कुठल्या हेडमध्ये बसवायचं ते." साहेबाने कागद मागितला म्हणजे काम अर्धं झालं, हे वडिलांचं शिक्षण. मी खुशीत परत आले.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा गाठायची ठरवली. दोन ऑक्टोबरपर्यंत थांबलं तर टोळ्या जायच्या तयारीला लागतात आणि कुणाचं चित्त जागेवर नसतं. सरपंच भला, उत्साही माणूस. त्याला एकच छंद होता, सत्कार करण्याचा. दहावी पास झालेल्यांचा सत्कार, सुट्टीवर आलेल्या फौजीचा सत्कार, ट्रान्सफॉर्मर लवकर बसवला म्हणून वायरमनचा सत्कार. ग्रामपंचायतीच्या कपाटात शाली आणि नारळ कायम तयार असायचे. माझाही एकदा झाला होता. त्या शालीचं मी इस्त्रीखाली घालायचं फडकं केलं आहे.

झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणातच सभा बसली. ग्रामसेवकाने ठराव वाचला: गावात मानसिक आरोग्य सेवेची गरज असून ती चालू ठेवण्यासाठी निधी मिळावा. एक म्हातारे गृहस्थ काठीवर भार देऊन उठले.

"म्हंजी आमचं गाव येड्याचं हाय, असं लिवून देयाचं का सरकारला?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पोरी उजवायच्यात आमाला. ह्या ठरावावर कोन करील सोयरीक?"

हशा झाला. पण तो हसण्यावारी नेण्याचा प्रश्न नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. गरज आहे म्हणावं तर गावाची बेअब्रू, नाही म्हणावं तर गुरुवार बंद. मी उठून चार शब्द सुनावणार, इतक्यात बायांच्या बाजूने ती उठली. तिने बोलावं असं आमच्यात काही ठरलं नव्हतं. माझी नजर चुकवून तिने पदर खोचला.

"मला गरज हाय," ती म्हणाली. माईक तिच्यापासून लांब होता, तरी ऐकू आलं. "माजं लेकरू गेल्तं. मी बोलत नव्हते, खात नव्हते. समद्यांनी बगितलंय. येडीबी म्हनलेत. ताईंच्या गुरवारात मी बरी झाले. गोळ्या खाती, आजबी खाती. ह्यो गुरवार मोडला तर मी पुन्ना भितीकडं तोंड करून बसंन. मंग माज्या पोरीला कोन शिकवील?"

आणि ती बसली. काठीवाले गृहस्थही बसले. ठरावाला हात वर झाले, आधी बायांचे, मग पुरुषांचे.

सरपंचाच्या डोळ्यांत पाणी होतं. भल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं की तो काय करेल? त्याने शाल मागवली. तिला पुढे बोलावून माईकवर सांगितलं, "वेडेपणावर जिद्दीने मात करणाऱ्या आपल्या भगिनीचा गावाच्या वतीने सत्कार." शाल, नारळ, टाळ्या. सासू पदराने डोळे पुसत होती आणि शेजारणीला सांगत होती, माझी सून. मीही टाळ्या वाजवल्या, तळहात लाल होईपर्यंत. जन्मात पहिल्यांदा त्या बाईच्या अंगावर शाल पडत होती, आणि ती तिला किती शोभत होती, हेच मी बघत होते. सगळेजण चांगले वागले त्या दिवशी. एकानेही वाईट काही केलं नाही.

त्या आठवड्यात फाट्यावर फ्लेक्स लागला. जिथे जीपा थांबतात आणि आल्यागेल्याची पहिली नजर जाते तिथेच. 'मानसिक आजारावर यशस्वी मात, हार्दिक अभिनंदन.' खाली शाल घेतलेली ती, आणि तिच्यापेक्षा मोठा, हात जोडलेला सरपंच. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच फोटो फिरला, तिथून तालुकाभर गेला. मी ऑफिसात ठराव घेऊन गेले तेव्हा साहेबांनी तो फोटो माझ्या आधीच बघितला होता. "आता याला म्हणतात काम!" ते म्हणाले. लिपिकाने फोटोची प्रिंट काढून स्वतःच्या हाताने प्रस्तावाला स्टेपलर मारला. जो प्रस्ताव महिनोन्महिने हलत नव्हता तो एका फोटोवर चालू लागला. मी त्या दिवशी ऑफिससमोरच्या गाड्यावर एकटीच वडापाव खाल्ला आणि दुसराही घेतला.

दसऱ्याच्या आधीच्या एका गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन समाजमंदिराच्या पायरीवर बसली होती.

"मुकादम न्हाई म्हनला," ती म्हणाली.

"कशाला?"

"मला. म्हनला, तिला न्हाई घेनार. दुसरं कोनतं मानूस असंल तर कोयता धरतो."

मी त्याच पावली शेजारच्या गावात मुकादमाकडे गेले. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवत होते, त्यातलं निम्मं शिव्यांचं होतं. त्याने खुर्ची दिली, चहा दिला. शांतपणे म्हणाला, "ताई, तिथं समद्यांच्या हातात धार असती. रातच्याला ट्रॅक्टर भरायचा. उद्या कुनाचं काय झालं तर पोलीस कुनाला धरतील? मला. ती डोक्याची हाय म्हनून मला म्हाईत नव्हतं, आसं आता म्हनता येतंय का? अख्ख्या तालुक्याला म्हाईत हाय. फाट्यावर लावलंय तुमी."

"दोन हंगाम ती तुमच्याच टोळीत होती. गोळ्या खाऊनच होती. झालं का काही?"

"तवा मला म्हाईत नव्हतं," तो म्हणाला.

 ती बरी होती तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, म्हणून ती बरी होती. बरी झाली हे सगळ्यांना कळलं आणि ती वेडी ठरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात तिचा होता आणि दाखवणारे आम्ही.

सरपंचाने रातोरात फ्लेक्स काढला. त्याची जागा अजून जास्त उघडी दिसू लागली, कारण येणारे-जाणारे विचारायला लागले की तो का काढला. बिचारा अगदी खचला होता. मला म्हणाला, "ताई, मुकादमाचाच एक सत्कार ठिवू का? मान दिला की मानूस नरमतंय." मी त्याला वाटेल ते बोलले, आणि आज आठवूनही मला त्याची लाज वाटत नाही. तो खाली मान घालून ऐकत राहिला. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच द्यायला.

आणखी दोन मुकादमांकडे मी जाऊन आले. दोघांनी चहा दिला. कोयता कुणी धरला नाही.

दसरा झाला. गाव रिकामं झालं. पहिल्याच गुरुवारी ती आली, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "गेले." मला वाटलं नवरा गेला. "पोरगी गेली बापासंगं," ती म्हणाली. "कोयता पुरा झाला."

मी तिच्या नवऱ्याला फोन लावला. रागाने लावला होता. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तो म्हणाला, "ताई, म्या काय करू? हिला घेत न्हाईत. एकट्याला घेत न्हाईत. घरी बसून काय खायाचं? येंदा एकच साल. पुढच्या सालाला पुन्ना घालतो शाळंत." चिडलेला नव्हता. उत्तर मागत होता. 

मुलीला तोडीला नेल्याची तक्रार करावी तर बापाला धरतील, ही भीती तिच्या तोंडावर दिसत होती. तरी मी केली. मुलांच्या हेल्पलाइनवर, नाव न सांगता केली, आणि तिला सांगितलं नाही. पलीकडून विचारलं, तळ कुठला? मी कारखाना सांगितला. चौकशी होईपर्यंत टोळी दुसरीकडे हलली होती. "नवा तळ समजला की कळवा, मॅडम," असं मला सांगण्यात आलं. मला कोण सांगणार होतं?

हिवाळाभर बैठकीला मोजकीच माणसं यायची. भाड्याचे पैसे मी घरातून घालत होते. आधी वाटलं, माणसं तोडीला गेलीत म्हणून. पण तोडीला न जाणाऱ्या बायाही येईनात. एक भाजीच्या वाटेवर भेटली, तिला विचारलं. ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "ताई, आता तुमच्याकडं आलं की बीपीला आलं म्हनून कोन मानतंय?" ते खरंच होतं. समाजमंदिराच्या पायऱ्या चढणारी प्रत्येक बाई आता कशाला चढते ते गावाला कळत होतं. फक्त त्या फोटोतल्या बाईला चढायला काही अडचण नव्हती. तिचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मार्च संपत आला तेव्हा मंजुरी आली. वरातीमागून घोडं, तेही सजवून. खर्च महिनाअखेरीच्या आत दाखवायचा होता. मी आणि सरपंच दोन दिवस नगरच्या बाजारात धावत होतो. नव्या सतरंज्या, खुर्च्या, पंखा, लोखंडी कपाट, गोळ्यांचा साठा. साहेब स्वतः उद्घाटनाला आले. गाव तर कारखान्यांवर होतं, म्हणून शाळेची मुलं आणून खुर्च्या भरल्या. साहेबांनी हळूच विचारलं, "त्या ताई कुठे आहेत? फोटोतल्या?" मी म्हटलं, तब्येत बरी नाही. साहेब म्हणाले, "अरेरे, आज असायला हव्या होत्या." फीत कापली. गुरुवार मंजूर झाला. वर्षभर आता भाड्याला, डॉक्टरांना, गोळ्यांना काही कमी पडणार नव्हतं. जे मी मागितलं होतं ते सगळं मला मिळालं होतं, आणि मी नव्या पंख्याखाली बसून इतकी दमले होते की साहेबांच्या गाडीपर्यंत जायलाही उठले नाही.

पाडव्यानंतर टोळ्या परतल्या. मुलगी आली का, मी विचारलं. "आली," ती म्हणाली. कशी आहे? "बरी हाय." शाळा सुरू व्हायला अवकाश आहे, तोवर मी मुख्याध्यापकांशी बोलते, मी म्हटलं. तिने गोळ्या पिशवीत टाकल्या आणि उठली.

मग मला दिसू लागलं की आईच खालावत चालली आहे. केस विंचरलेले नसायचे. डोळ्यांखाली काळं. बोलता बोलता शब्द सुटायचा आणि ती तो शोधायची पण नाही. गोळ्या मात्र वेळच्या वेळी न्यायची, एकदाही चुकली नाही. मला वाटलं, मुलीचं दुःख आहे, गोळी किती पुरी पडणार. डॉक्टर यायच्या गुरुवारी मी त्यांना म्हटलं, हिची मात्रा वाढवायला हवी.

डॉक्टरांनी तिला समोर बसवलं. "गोळी रोज घेता?"

"नेती की."

"नेता ते दिसतंय. खाता का?"

ती नव्या सतरंजीचा दोरा ओढत बसली. मग म्हणाली, "तिला देती."

"कुणाला?"

"पोरीला. आल्यापसून बोलत न्हाई ती. ताट तसंच ठिवती. मला म्हाईत हाय ते काय असतंय, मला कुनी सांगाया नको. आदी अर्दी देत हुते. अर्दीनं गुन येईना, म्हनून आता सगळी देती."

डॉक्टर ताडकन उठले. ते शांत गृहस्थ आहेत, मी त्यांचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. त्या वयाच्या मुलीला न तपासता ही गोळी, काय होऊ शकतं माहीत आहे का, आणि तुम्ही स्वतःची एकदम बंद केलीत, तेही तितकंच वाईट. "तिला घेऊन या. आज, आत्ता. मी थांबतो."

"न्हाई," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तळावर काय झालं, असं विचारलं. "म्या इचारलं न्हाई," ती म्हणाली. "आन तुमीबी इचारू नका."

"बरं, नाही विचारत. नुसती आण तिला. इथे कुणी नाही, फक्त आम्ही दोघं."

"समाजमंदिराची पायरी चढली की गाव बगतंय, ताई."

"मग मी येते तुझ्या घरी. एकटी येते."

"तुमी ज्या दारात गेल्या ते दार कळतंय."

"नगरला आण. माझ्या घरी आण, पाहुणी म्हणून."

"जीपनंच यावं लागंल. जीपमदी समदं गाव असतंय." तिचा आवाज चढला नव्हता. तिने हे सगळे रस्ते आधीच चालून बघितले होते, मी आता बघत होते. मग ती माझा हात धरून, समजूत घालावी तशी म्हणाली, "ताई, माजं नाव तर झालंच हाय. त्यात आनी काय व्हायचं ऱ्हायलंय? माज्याच नावावर लिवा दोगींच्या गोळ्या. तिचं नाव कुटंच नको. तिला उजवायचीय. उद्या कुनी म्हनायला नको, आय तशी, पोरगी तशी."

मला ओरडायचं होतं. तिच्यावर नाही. पण ज्याच्यावर ओरडायचं तो कोण, हे काही केल्या सापडेना. वर पंखा फिरत होता, कपाट गोळ्यांनी भरलेलं होतं, डॉक्टर समोर उभे होते, जायची घाई नव्हती, गाडीचं भाडं मंजूर होतं. आणि दोन गल्ल्या पलीकडे ती मुलगी बसली होती.

डॉक्टर म्हणाले, न बघितलेल्या मुलीसाठी मी एक गोळी देणार नाही, आणि तुमचीही हातात देणार नाही. रोज ताईंनी ठरवून दिलेल्या माणसासमोर खायची. सुरुवात आता माझ्यासमोर. त्यांनी पाकिटातून एक गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. मी पाण्याचा पेला दिला. तिने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, गिळली, आणि लहान मूल दाखवतं तसा आ करून जीभ वर-खाली करून दोघांना दाखवली.

"माजी झाली," ती म्हणाली. "आता तिची द्या."

आणि हात पुढे करून तशीच बसून राहिली.